मशीनवर केलंय ना?

आत्ता अंगात टी-शर्ट असेल तर एक करा. फोनचा कॅमेरा कापडाच्या अगदी जवळ न्या आणि झूम करा. बाणांची टोकं एकात एक अडकवावीत तशा उभ्या रांगा दिसतील. आता कापड उलटं करून आतली बाजू बघा. तिथे बाण नाहीत, छोट्या छोट्या आडव्या लाटा आहेत. मग हाच प्रयोग जीन्सवर किंवा साध्या सुती शर्टवर करा. तिथे बाणही नाहीत आणि लाटाही नाहीत. उभे धागे आणि त्यांना छेदून जाणारे आडवे धागे, बस.

मराठीत आपण या दोन्हीला 'विणणं'च म्हणतो. पैठणी विणतात, खाट विणतात आणि स्वेटरही विणतात. पण पैठणीत ताणा आणि बाणा असे दोन वेगळे धागे असतात. स्वेटरमध्ये एकच धागा असतो. त्याचा एक टाका करायचा, त्या टाक्यातून पुढचा टाका ओढून काढायचा, आणि हेच हजारो वेळा करत राहायचं. म्हणून टी-शर्ट ताणला की ताणला जातो आणि सोडला की परत जागेवर येतो. आणि म्हणूनच स्वेटरचा एक धागा निसटला की सगळं भराभरा उसवत जातं.

हे टाक्यांचं कापड आपल्याकडे रुळलं ते आपल्या शब्दांतही दिसतं. आजोबांच्या पिढीचा 'गंजीफ्रॉक' आठवतोय? त्यातला 'गंजी' म्हणजे गर्न्सी. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या खाडीतलं एक छोटं बेट. तिथल्या खलाशांचे विणलेले अंगरखे प्रसिद्ध होते. त्याच्या शेजारच्या बेटाचं नाव जर्सी. क्रिकेट टीमची जर्सी घालताना आपण त्या बेटाचंच नाव अंगावर चढवतो.

मी या भानगडीत पडले ते एका श्रगमुळे. श्रग म्हणजे कुर्त्यावर किंवा टॉपवर घालायचा, पुढून उघडा, बिनबटणांचा आखूड प्रकार. माझी एक आतेबहीण आहे, आम्ही सगळे तिला नुसतं ताई म्हणतो. ती नाशिकला घरून ऑर्डर घेऊन असे श्रग, टोप्या, मफलर करते. तिच्याकडे हँडल फिरवायचं, ४८ सुयांचं, प्लॅस्टिकचं गोल विणकाम यंत्र आहे. एका श्रगचे ती ९०० रुपये सांगते. गेल्या थंडीत एका गिऱ्हाइकाने तिला मेसेज केला, "मशीनवर केलंय ना? मग ९०० कसले? ४०० द्या." ताईने तो मला दाखवला आणि म्हणाली, "तू एवढं वाचतेस, मग सांग याला काय उत्तर देऊ?"

मला उत्तर देता आलं नाही, पण प्रश्न सोडवेना. 'मशीनवर केलंय' म्हणजे नक्की किती मशीनने केलंय? आणि मशीनने जो वेळ वाचवला तो कोणाचा? गिऱ्हाइकाचा, मशीन विकणाऱ्याचा की ताईचा? शोधत गेले तेव्हा कळलं की या प्रश्नावर माणसं चारशे वर्षं भांडत आलीयत. एकदा तर त्यापायी फाशीचा कायदासुद्धा झाला.

पाद्रीबुवांचं यंत्र

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळ कॅल्व्हर्टन नावाचं गाव आहे. तिथल्या विल्यम ली या धर्मोपदेशकाने १५८९ मध्ये मोजे विणायचं यंत्र तयार केलं. त्या काळी मोजे म्हणजे घोट्यापर्यंतची वस्तू नव्हती. पुरुष गुडघ्यापर्यंत तंग विजार घालत आणि त्याखाली पूर्ण पायभर मोजे. श्रीमंतांना रेशमी, गरिबांना लोकरी. सगळे दोन-चार सुयांवर हाताने विणलेले. लाखो पायांना मोजे पुरवायचे म्हणजे घरोघरी बायका, मुलं, म्हातारी माणसं सतत विणत असणार.

लीच्या यंत्रात प्रत्येक टाक्याला स्वतंत्र सुई होती, त्यामुळे अख्खी ओळ एका दमात विणली जाई. अशी दंतकथा आहे की त्याने ते राणी एलिझाबेथला दाखवलं आणि तिने पेटंट नाकारलं, कारण विणकामावर पोट भरणारी गरीब प्रजा भिकेला लागेल. राणी खरंच असं बोलली की नाही, सोडून देऊ. पण ही कथा शतकानुशतकं सांगितली गेली, म्हणजे लोकांना पहिल्या दिवसापासून प्रश्न काय पडला होता ते कळतं. ली पुढे फ्रान्सला गेला, तिथेही त्याला यश आलं नाही आणि तो तिथेच वारला. यंत्र मात्र इंग्लंडला परत आलं आणि नॉटिंगहॅम, लेस्टर, डर्बीच्या खेड्यापाड्यांत पसरलं.

कसं पसरलं ते महत्त्वाचं. यंत्र माणसाच्या घरात असायचं, पण बहुतेक वेळा त्याच्या मालकीचं नसायचं. मालक ते भाड्याने द्यायचा आणि मजुरीतून भाडं कापून घ्यायचा. काम कमी आलं तरी भाडं ठरलेलं. घरातला पुरुष यंत्रावर बसे, मुलं सूत गुंडाळून देत आणि बायको मोज्याची शिवण घाली. कारण लीच्या यंत्रावरून मोजा निघत नसे, मोज्याच्या आकाराचं सपाट कापड निघे. ते दुमडून मागून शिवलं की मोजा तयार. ही शिवण यंत्र घालत नव्हतं.

लुडाइट कशाविरुद्ध होते?

आज नवीन ॲप न वापरणाऱ्या काकांना चिडवायला 'लुडाइट' हा शब्द वापरतात. यंत्राचा शत्रू, मागासलेला, असा त्याचा अर्थ झालाय. खऱ्या लुडाइटांची गोष्ट वेगळी आहे, आणि ती याच मोज्यांच्या यंत्रांपासून सुरू होते.

मार्च १८११ मध्ये नॉटिंगहॅमजवळच्या आर्नल्ड गावात विणकऱ्यांनी यंत्रं फोडली. मग रात्रीबेरात्री टोळ्या निघू लागल्या. त्यांचा पुढारी म्हणून 'नेड लुड' हे नाव घेतलं जाई, पण तसा माणूस नव्हताच. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की फोडणारे स्वतः याच यंत्रांवर काम करणारे कुशल कारागीर होते. लीचं यंत्र येऊन तेव्हा दोनशेहून जास्त वर्षं झाली होती. आणि ते सरसकट सगळी यंत्रं फोडत नव्हते. जो मालक ठरलेली मजुरी देई आणि चांगला माल काढे, त्याची यंत्रं सोडून दिली जात.

राग कशाचा होता? मोठी तक्रार होती 'कापीव' मालाची. काही मालकांनी रुंद यंत्रांवर मोठा सपाट पन्हा विणायचा, त्यातून कात्रीने मोज्याचा आकार कापायचा आणि शिवून टाकायचा, असा धंदा सुरू केला. चांगल्या मोज्यात पोटरीपासून घोट्यापर्यंत टाके एकेक करून कमी केलेले असत, काठ पक्का असे. कापीव मोज्यात टाकेच कापलेले. दोन-चार वेळा धुतला की शिवण सुटे आणि मोजा उसवे. दुकानात दोन्ही सारखेच दिसत. त्यामुळे चांगल्या मोज्याची किंमत पडली आणि तो करणाऱ्याची मजुरीही. शिवाय काम न शिकलेल्या माणसांना कमी पैशांत बसवलं जाऊ लागलं.

सरकारने उत्तर म्हणून यंत्र फोडणाऱ्याला मृत्युदंड देणारं विधेयक आणलं. २७ फेब्रुवारी १८१२ रोजी कवी लॉर्ड बायरन हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये पहिल्यांदा बोलायला उभा राहिला, तो या विधेयकाच्या विरोधात. विधेयक तरीही मंजूर झालं. यंत्राचं भाडं मजुरीतून कापायची पद्धत कायद्याने बंद व्हायला १८७४ साल उजाडलं.

म्हणजे 'मशीनवर केलंय ना?' हा प्रश्न तेव्हाही होता. कारागिरांचं उत्तर असं होतं की मशीनवर आम्हीही करतो, पण मशीनवर काय केलं आणि मशीननंतर हाताने काय केलं ते बघा आणि मग भाव करा.

गोल यंत्राची अडचण

आता ताईच्या यंत्राच्या पणजोबांकडे येऊ. १८१६ मध्ये मार्क ब्रुनेलने गोल विणकाम यंत्राचं पेटंट घेतलं. याच इंजिनिअरने पुढे लंडनमध्ये थेम्स नदीच्या खालून बोगदा काढला. गोल यंत्राची कल्पना साधी आहे. सुया सरळ रेषेत न मांडता वर्तुळात उभ्या करायच्या. मग ओळ कधी संपतच नाही, फेरी पुढच्या फेरीत जाते आणि खालून कापडाची अखंड नळी उतरत राहते.

१८४० च्या दशकाच्या अखेरीस लेस्टरच्या मॅथ्यू टाउनसेंडने सुईच सुधारली. त्याच्या सुईच्या आकड्याला एक इवलीशी खिटी होती, दाराच्या कडीसारखी वर-खाली होणारी. सुई वर गेली की जुना टाका खिटी उघडून मागे सरकतो, सुई खाली आली की तोच टाका खिटी बंद करतो आणि आकड्यावरून निसटतो. सुई फक्त वर-खाली करायची, बाकी काम टाकाच करून घेतो. जगातल्या बहुतेक गोल यंत्रांत आजही हीच सुई आहे.

मग अडचण कुठे आली? आकारात. यंत्रावर ६० सुया असतील तर नळी वरपासून खालपर्यंत ६० टाक्यांची. पण पाय काही नळी नाही. पोटरी जाड, घोटा बारीक, टाचेला वळण. गोल यंत्रावर फार तर टाका थोडा घट्ट किंवा सैल करता येतो. त्यामुळे गोल यंत्राचे मोजे सुरुवातीला हलके समजले गेले. कारखान्यांत ते ओलसर असताना पायाच्या आकाराच्या लाकडी फळीवर चढवून वाळवत, म्हणजे दुकानात तरी पायासारखे दिसायचे. पहिल्या धुण्यात परत नळी!

घरबसल्या कमवा

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही यंत्रं लहान झाली. टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळायची, बाजूचं हँडल फिरवायचं. ब्रिटन, अमेरिका, कॅनडात ती घरोघरी गेली. टाचेसाठी यात युक्ती होती. अर्ध्या सुया कामातून बाहेर काढायच्या, उरलेल्या अर्ध्यांवर हँडल मागे-पुढे फिरवायचं आणि दर खेपेला एकेक सुई हाताने वर उचलायची, मग एकेक परत खाली घ्यायची. म्हणजे पायाचा सरळ भाग यंत्राचा आणि वळण बाईच्या बोटांचं.

पहिल्या महायुद्धात या यंत्रांना अचानक महत्त्व आलं. खंदकांतल्या चिखलात ओल्या मोज्यांत सैनिकांचे पाय सडत होते आणि कोरडे मोजे बदलायला मिळणं हाच त्यावरचा एक मोठा उपाय होता. अमेरिका-कॅनडात रेड क्रॉसच्या स्वयंसेविका हाताने आणि अशा यंत्रांवर मोजे विणत बसल्या. मोज्याचं बोटांकडचं तोंड मात्र तेव्हाही सुई-दोऱ्यानेच बंद करावं लागे. तिथे शिवणीची गाठ आली तर बूट घालून चालणाऱ्याच्या बोटांना फोड यायचे. गाठ न येता तोंड जोडणाऱ्या टाक्याला विणकामात आजही 'किचनर' टाका म्हणतात. १९०२ ते १९०९ भारताचा सरसेनापती असलेला आणि नंतर ब्रिटनचा युद्धमंत्री झालेला तोच लॉर्ड किचनर. त्याच्या नावाने ओळखले जाणारे ते टाके पुरे करत होत्या अनाम बायका.

युद्ध संपलं आणि जाहिराती सुरू झाल्या. १९२० च्या दशकात ऑटो निटरसारख्या अमेरिकी कंपन्या मासिकांतून बायकांना सांगत होत्या की आमचं यंत्र विकत घ्या, घरी बसून मोजे विणा, आम्ही ते परत विकत घेऊ. ओळखीचं वाटतंय ना? आपल्या लोकलच्या डब्यात आणि व्हॉट्सॲपवर 'घरबसल्या कमवा' म्हणणारी जी पत्रकं फिरतात, त्यांचं हे जुनं भावंड. यंत्राचे पैसे आधी भरायचे आणि मोजे कंपनीच्या कसोटीला उतरले तर पुढची कमाई. भाड्याच्या जागी आता किंमत आली, पण यंत्राचा भार घरातल्याच माणसावर राहिला.

घड्याळ लावून एक श्रग

एवढं वाचल्यावर मी ताईकडे जाऊन बसले. ती काम करत होती आणि मी फोनवर स्टॉपवॉच लावून लिहून घेत होते.

श्रग या यंत्राला इतका मानवतो कारण श्रगला आकारच लागत नाही. गोल यंत्राची जी दोनशे वर्षांची अडचण, ती इथे गैरहजर. ताईच्या पद्धतीत दोन लांब पट्ट्या आणि दोन नळ्या लागतात. यंत्रावर एक खटका आहे. तो एका बाजूला केला की हँडल गोल-गोल फिरतं आणि नळी निघते. दुसऱ्या बाजूला केला की हँडल एका टोकाला जाऊन अडतं, मग उलट फिरवायचं, असं करत सपाट पट्टी निघते. पट्टी ४४ टाक्यांची, १५० ओळींची, साधारण ११-१२ इंच रुंद आणि ३० इंच लांब. नळ्या ४८ टाक्यांच्या, ६० फेऱ्यांच्या.

सुरुवातीला सूत एका सुईपुढून, एका सुईमागून असं पहिली फेरी हातानेच घालावं लागतं. मग हँडल. ताई एका लयीत फिरवते, कारण घाई केली की टाका गळतो. दोन्ही पट्ट्यांना मिळून २८ मिनिटं लागली, दोन्ही नळ्यांना ९. एकूण ३७ मिनिटांत जवळजवळ १९,००० टाके! मिनिटाला २५ टाक्यांच्या वेगाने दोन सुयांवर हेच करायचं तर साडेबारा तासांच्या वर गेले असते. यंत्राची कमाल इथे खरीच आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही.

पण ३७ मिनिटांनंतर हातात श्रग नव्हता. काठाशी गुंडाळ्या होणाऱ्या दोन पट्ट्या आणि उघड्या तोंडांच्या दोन नळ्या होत्या. एका धाग्याच्या साध्या विणीचं सपाट कापड काठाला वळतंच. नळीच्या बाजूंना काठच नाही, म्हणून तिथे ती कटकट नाही. आता ताईने हँडल सोडलं आणि मोठ्या नाकाची सुई घेतली. चारही तुकड्यांची पहिली फेरी घालण्यात १६ मिनिटं गेलीच होती. उघडे टाके बंद करायला ५० मिनिटं. दोन पट्ट्या लांबीला जोडून मोठा आयत करायला ४५. तो आयत दुमडून दोन्ही बाजू हातासाठी जागा सोडून शिवायला २५. नळ्या त्या जागांना बाह्या म्हणून लावायला ४०. सुटे धागे आत दडवायला २०.

बेरीज केली. यंत्राची ३७ मिनिटं, हाताची १९६. एकूण पावणेचार तासांहून थोडं जास्त. 'मशीनवर केलेल्या' श्रगमधला सुमारे सहावा हिस्सा मशीनचा, आणि त्या हिश्श्यातही हँडल ताईच फिरवत होती.

लोकर साधारण ३०० रुपयांची. ९०० रुपयांत ताईला तासाला दीडशेच्या आसपास पडतात. गिऱ्हाइकाच्या ४०० रुपयांत पडले असते सव्वीस.

न दिसणारी शिवण

हा हिशोब फक्त ताईचा नाही. तिरुपूरच्या कारखान्यांत खोलीएवढी गोल यंत्रं दिवसरात्र टी-शर्टचं कापड उतरवतात, माणूस लागतो तो धागा तुटला तर जोडायला आणि लक्ष ठेवायला. पण त्या कापडाचा टी-शर्ट करायला आजही शिवणयंत्रांच्या लांबच लांब रांगा लागतात आणि त्या रांगांत मोठ्या प्रमाणावर बायका असतात. टाके पडायचं काम चारशे वर्षांत सेकंदाच्या अंशावर आलं. दोन काठ जुळवून धरायचं काम अजूनही दोन हातांवर आहे, कारण मऊ, ताणणारं, काठाला वळणारं कापड पकडणं यंत्राला फार अवघड जातं.

आणि नेमकं हेच काम डोळ्यांना दिसत नाही. चांगली शिवण म्हणजे जी दिसत नाही ती. किचनर टाका चांगला जमला तर तो कुठे आहे ते शोधूनही सापडत नाही. नॉटिंगहॅमच्या बायकोची मागची शिवण, रेड क्रॉसच्या बाईने बंद केलेलं मोज्याचं तोंड, ताईने आत दडवलेले धागे, सगळ्यांचं यश त्यांच्या अदृश्य होण्यात आहे. मग भाव करताना माणूस जे दिसतं त्याचा करतो, आणि दिसतं ते मशीन.

मी हा सगळा तक्ता करून ताईला पाठवला. तिने त्यातले फक्त दोन आकडे उचलले. आता तिच्या दरपत्रकात श्रगच्या खाली दोन ओळी असतात: 'विणकाम, ३७ मिनिटं. हाताची जोडणी, सव्वातीन तास.' किंमत तीच, ९००. त्या गिऱ्हाइकाने श्रग घेतला नाही. त्यानंतर दोघींनी घेतला आणि त्यातल्या एकीने विचारलं, "जोडणी शिकवाल का?"

ताईने तिला शिकवण्याची फी सांगितली.